विश्लेषण : परदेशात स्वतः गाडी चालवताना रस्ता कोण दाखवणार? फोन पुरेसा की स्वतंत्र जीपीएस हवे?

फेब्रुवारी २०१६ मध्ये एक अमेरिकी पर्यटक आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर उतरला. त्याने गाडी भाड्याने घेतली, तिच्यातल्या जीपीएसमध्ये रेक्याविकमधल्या हॉटेलचा पत्ता भरला आणि निघाला. अंतर जेमतेम ५० किलोमीटर. तो मात्र बर्फाळ रस्त्यांवरून पाच-सहा तास गाडी चालवत राहिला आणि पोहोचला थेट देशाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिग्लुफ्योर्दुर या छोट्या गावात, एका अनोळखी घराच्या दारात. हॉटेल ‘लाउगावेगुर’ या रस्त्यावर होते. पत्त्यात ‘र’ हे एक अक्षर जास्त पडले आणि त्याचे झाले ‘लाउगारवेगुर’. त्या नावाचा रस्ता सिग्लुफ्योर्दुरमध्ये खरोखरच आहे. यंत्र चुकले नव्हते. त्याला जे सांगितले, ते त्याने चोख केले होते.

त्या पर्यटकाचे निभावले. गावकऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले, वृत्तपत्रांत बातम्या आल्या. प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. स्वित्झर्लंड, न्यूझीलंड, आइसलँड किंवा अमेरिकेत टूरच्या बसऐवजी स्वतः गाडी घेऊन फिरणारी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. अशा प्रवासाची आखणी करताना विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेल यांवर महिनोनमहिने चर्चा होते. रस्ता दाखवण्याची व्यवस्था मात्र ‘फोन आहे ना’ या तीन शब्दांत संपते. ती तेवढ्यावर सोडावी का?

जीपीएसला इंटरनेट लागते का?

नाही. बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संदेश पाठवत असतात. फोन किंवा यंत्र ते केवळ ऐकते आणि किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपण कुठे आहोत ते काढते. यासाठी सिमकार्ड, डेटा किंवा शुल्क लागत नाही. अमेरिकेच्या जीपीएसबरोबरच युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास आणि चीनची बेइदोउ या यंत्रणांचे संदेशही आजचे बहुतेक फोन वापरतात.

इंटरनेट लागते ते नकाशासाठी. फोनवरचा नकाशा एरवी आपण जाऊ तसा थोडा थोडा उतरत असतो. रेंज गेली की निळा ठिपका बरोबर जागी राहतो, पण त्याच्या भोवती रस्ताच नसतो. म्हणून परदेशात निघण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘कोणते यंत्र घेऊ’ हा नाही. ‘रेंज गेल्यावर माझ्याकडे नकाशा असेल का’ हा आहे.

पर्याय किती आहेत?

प्रामुख्याने चार. एक, स्वतःचा फोन, डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये. दोन, तोच फोन गाडीच्या पडद्याला जोडून, म्हणजे अॅपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो. तीन, गाडीतच बसवलेली किंवा भाडे कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून घेतलेली जीपीएस यंत्रणा. चार, गार्मिन किंवा टॉमटॉमसारख्या कंपनीचे स्वतंत्र यंत्र, ज्याच्या पोटात नकाशा आधीच भरलेला असतो.

प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे अडतो. फोन अडतो रेंज, बॅटरी आणि उन्हाला. कारप्ले अडते केबलला. गाडीतली यंत्रणा अडते जुन्या नकाशाला आणि अनोळखी मेनूला. स्वतंत्र यंत्र अडते चुकीच्या खंडाच्या नकाशाला. आपल्या प्रवासात यापैकी काय घडण्याची शक्यता जास्त आहे, यावर निवड ठरते.

फोन पुरेसा कधी?

शहरे, मोठे महामार्ग आणि दाट वस्तीचे प्रदेश असतील तर बहुतेक वेळा फोन पुरतो. पॅरिस ते ब्रसेल्स किंवा न्यू जर्सी ते वॉशिंग्टन अशा रस्त्यावर वाहतूक कोंडीची ताजी माहिती फोन देतो, तशी जुन्या पद्धतीचे यंत्र देऊ शकत नाही. अट एकच, नकाशा घरून निघण्यापूर्वीच वायफायवर उतरवून घ्यायचा.

गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग निवडून तो ऑफलाइन जपता येतो. अॅपल मॅप्समध्ये ही सोय २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर आली. पण ऑफलाइन गूगल मॅप्सच्या मर्यादा माहीत हव्यात. त्यात गाडीचा रस्ता मिळतो, पण वाहतुकीची माहिती, पर्यायी रस्ते आणि कोणत्या लेनमध्ये राहायचे याचे मार्गदर्शन मिळत नाही. पायी चालण्याचा रस्ताही मिळत नाही. उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर बाद होतो, त्यामुळे मागच्या सहलीचा नकाशा यंदा चालेलच असे नाही. काही प्रदेशांत करार किंवा भाषेच्या कारणांमुळे तो उतरवताच येत नाही.

म्हणून फोनमध्ये दुसरे एखादे पूर्ण ऑफलाइन चालणारे अॅप असावे. ऑर्गॅनिक मॅप्स हे ओपनस्ट्रीटमॅपच्या मुक्त नकाशांवर चालणारे अॅप मोफत आहे. हिअर वुईगो या अॅपवरही अख्ख्या देशाचा नकाशा उतरवता येतो. गल्लीबोळांपासून डोंगरवाटांपर्यंतचा तपशील यांत असतो. वाहतूक कोंडी मात्र कळणार नाही.

फोनचा खरा शत्रू ऊन आहे. पुढच्या काचेमागे, तळपत्या उन्हात, चार्जिंग चालू आणि पडदा पूर्ण उजेडात अशा स्थितीत फोन तापतो, पडदा मंद होतो आणि कधी फोन चक्क बंद पडतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा आणि उभ्या गाडीत ठेवून जाऊ नये, असे अॅपलच सांगते. होल्डर एसीच्या झडपेजवळ लावला तर हा त्रास बराच कमी होतो.

स्वतंत्र यंत्राचे पैसे कधी वसूल होतात?

रोज शे-दोनशे किलोमीटर निर्जन भागातून जायचे असेल, अनेक देश ओलांडायचे असतील किंवा फोन सतत फोटो आणि घरच्यांशी बोलण्यासाठी लागणार असेल, तेव्हा. न्यूझीलंडमध्ये ते आनाऊहून मिलफर्ड साउंडला जाणारा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता जगातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक मानला जातो. त्यावर बहुतांश अंतर मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणी नकाशा पोटात असलेले आणि त्या एकाच कामासाठी असलेले यंत्र निश्चिंतता देते. फोन आल्यावर त्यातला नकाशा झाकला जात नाही. रस्ता चुकला तरी ते नेटशिवाय लगेच नवा मार्ग काढते.

खरेदी करताना पहिली पाहायची गोष्ट म्हणजे नकाशाचा प्रदेश. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रात युरोपचा किंवा अमेरिकेचा नकाशा असेलच असे नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागला तर यंत्र स्वस्त पडले याला अर्थ राहत नाही. दुसरी गोष्ट, नकाशाचे अद्ययावतीकरण मोफत आहे का आणि किती काळ. नव्या यंत्रातला नकाशाही गोदामात पडून जुना झालेला असू शकतो. अद्ययावत फाइल कित्येक जीबींची असते, म्हणून हे काम घरच्या वायफायवर उरकावे, विमानतळावर नाही. तिसरी गोष्ट, बॅटरी. अशा यंत्रांची बॅटरी साधारण तासभरच टिकते. ते गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालवण्यासाठीच बनवलेले असते. केबल विसरली तर यंत्र शोभेचे.

नव्या देशात पहिल्यांदा चालू केल्यावर स्वतंत्र यंत्राला उपग्रह शोधायला काही मिनिटे लागू शकतात. फोन हे काम मोबाइल नेटवर्कच्या मदतीने क्षणात करतो. त्यामुळे यंत्र विमानतळाच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चालू करून ‘बिघडले’ म्हणू नये. उघड्या आकाशाखाली गाडी उभी करावी आणि थांबावे.

भाड्याच्या गाडीतली यंत्रणा घ्यावी का?

भाडे कंपन्या वेगळ्या जीपीएसचे दिवसाला साधारण १० ते १५ डॉलर आकारतात. दहा-बारा दिवसांच्या सहलीत ही रक्कम नव्या साध्या यंत्राच्या किमतीच्या आसपास जाते. दोन दिवसांसाठी गाडी घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

गाडीतच कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असेल तर ती सर्वांत सोयीची व्यवस्था. मोठा पडदा, गाडीच्या स्पीकरवरून सूचना आणि फोन नजरेआड. पण आरक्षणात ‘अमुक किंवा तत्सम गाडी’ असे लिहिलेले असते. हाती येणाऱ्या गाडीत ही सोय असेलच याची खात्री नसते. म्हणून होल्डर आणि डेटा वाहून नेणारी केबल सोबत हवीच. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात आणि त्यांनी फोन पडद्याला जोडला जात नाही.

गाडी परत करताना पडद्यावरून आपला फोन काढून टाकावा. जोडलेल्या गाडीत संपर्क यादी, कॉलची नोंद आणि भरलेले पत्ते मागे राहू शकतात.

सिमकार्ड सीमेवर बंद पडते का?

पडू शकते. युरोपीय महासंघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय चालते. पण स्वित्झर्लंड महासंघाचा सदस्य नाही. फ्रान्स किंवा इटलीत घेतलेले सिम किंवा ई-सिम आल्प्स ओलांडताच बंद पडण्याची किंवा भलतेच बिल येण्याची शक्यता असते. घेण्यापूर्वी यादीत स्वित्झर्लंडचे नाव स्वतंत्रपणे पाहावे.

आशियातले चित्र आणखी वेगळे आहे. दक्षिण कोरियात तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेण्यावर सुरक्षेच्या कारणास्तव निर्बंध असल्याने तिथे गूगल मॅप्सवर गाडीचे मार्गदर्शन वर्षानुवर्षे मिळालेले नाही. स्थानिक लोक नेव्हर मॅप किंवा काकाओची अॅप्स वापरतात. जपानमध्ये भाड्याच्या गाड्यांत बहुधा नेव्हिगेशन असतेच आणि तिथे पत्ता टाइप करत बसण्याऐवजी हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक किंवा ‘मॅपकोड’ नावाचा अंकांचा संकेत भरला तरी रस्ता मिळतो. जपानी लिपी वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय मोठी आहे.

कायद्याचे काय?

यंत्र कोणते यापेक्षा ते कुठे लावले आणि त्यात काय चालू आहे, यावर दंड होतो. ब्रिटनमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरल्यास २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा दंडगुण अशी शिक्षा आहे. मार्च २०२२ पासून हा नियम आणखी कडक झाला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत चालकाच्या हातातला फोन टिपणारे खास कॅमेरेच रस्त्यावर आहेत. कॅलिफोर्नियात फोन होल्डरमध्येच हवा आणि त्यावर एक स्पर्श किंवा एकदा बोट सरकवणे एवढीच मुभा आहे. तिथल्या अपील न्यायालयाने २०२५ मध्ये नुसता नकाशा पाहण्यासाठी फोन हातात धरणे हाही नियमभंगच ठरवला. ‘बोलत नव्हतो, रस्ता पाहत होतो’ हा बचाव चालत नाही.

दुसरा सापळा स्पीड कॅमेऱ्याच्या सूचनांचा. आपल्याकडे ‘पुढे कॅमेरा आहे’ असे अॅप सांगते, ते उपयोगीच वाटते. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांवर २०१२ पासून बंदी आहे. तिथे केवळ ‘धोक्याचा टप्पा’ अशी सूचना चालते. जर्मनीत चालकाने गाडी चालवताना अशा सूचना वापरणे बेकायदा आहे. स्वित्झर्लंडमध्ये नियम सर्वांत कडक असून यंत्रही जप्त होऊ शकते. सीमा ओलांडण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन ही सूचना बंद करावी.

यंत्राला काय कळत नाही?

यंत्राला ‘रस्ता आहे’ एवढे कळते. तो आपल्यासाठी आहे की नाही, हे अनेकदा कळत नाही.

इटलीतल्या फ्लोरेन्स, रोम, पिसा अशा शहरांच्या जुन्या भागांत ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्रे आहेत. परवानगीशिवाय गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो. नेव्हिगेशन जवळचा रस्ता म्हणून सरळ त्यातून नेऊ शकते. आत-बाहेर दोन-तीनदा गेलात तर दंडही तितक्या वेळा. नोटीस कित्येक महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येते आणि भाडे कंपनी तुमची माहिती पोलिसांना दिल्याचे शुल्क कार्डावरून वेगळे कापते. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक ‘विन्येट’ लागते. यंत्र तुम्हाला महामार्गावर नेईल, विन्येट घेतले का ते विचारणार नाही.

आइसलँडमध्ये ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते फक्त उन्हाळ्यात उघडतात आणि फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांनाच तिथे परवानगी आहे. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनजवळच्या स्किपर्स रोडवर भाड्याच्या गाड्यांचा विमा लागू होत नाही. नकाशावर दोन्ही साध्या रेषा दिसतात.

बोगद्यातही यंत्र आंधळे होते. नॉर्वेतला लेर्दाल बोगदा साडेचोवीस किलोमीटर लांब आहे, तर हार्डांगर पुलाच्या दोन्ही टोकांना डोंगराच्या पोटात गोल चौक आहेत. तिथे उपग्रह दिसत नाही. गाडीत बसवलेली यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधते, फोनला ते तितके जमत नाही. पाटी वाचणे हाच मार्ग.

आणि काही वेळा प्रश्न दंडाचा उरत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला होता. मिल्ड्युरा या गावी निघालेल्यांना अॅपल मॅप्स गावापासून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध नेत होते. तिथे पाणी नाही आणि पारा ४६ अंशांपर्यंत जातो. मिल्ड्युरा हे जसे गावाचे नाव, तसेच त्या मोठ्या स्थानिक प्रशासकीय क्षेत्राचेही. नकाशाने गावाऐवजी त्या क्षेत्राचा बिंदू उचलला होता. अॅपलने ती चूक नंतर दुरुस्त केली. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत ऑगस्ट २००९ मध्ये जीपीएसच्या भरवशावर आडरस्त्याला लागून वाळूत अडकलेल्या मायलेकांपैकी सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. दुर्गम भागात जीपीएसवर विसंबू नका, असे तिथले उद्यान प्रशासन पर्यटकांना सांगते.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे का?

जिथे रेंज नाही तिथे संकटात मदत मागण्यासाठी गार्मिन इनरीचसारखी यंत्रे उपयोगी आहेत आणि परदेशात ती भाड्यानेही मिळतात. पण ती नेहमीच्या जीपीएससारखी नाहीत. नेहमीचे जीपीएस फक्त ऐकते, हे उपग्रहाला संदेश पाठवते. भारतात अशी यंत्रे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिला पर्यटकाकडे असे यंत्र आढळल्याने तिला अडवून कायदेशीर कारवाई करण्यात आली. म्हणून गरज असेल तर तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. सामानात घालून मुंबईला आणू नका.

मग निवड कशी करावी?

शहरे आणि महामार्गांची सहल असेल तर स्वतःचा फोन, ऑफलाइन नकाशा, होल्डर आणि केबल. वेगळ्या यंत्रावर खर्च करण्याची गरज नाही. निर्जन भागातून बरेच दिवस जायचे असेल तर फोनबरोबर पूर्णपणे वेगळा दुसरा नकाशा हवा. तो स्वतंत्र यंत्रात असो किंवा शेजारी बसलेल्याच्या फोनमध्ये. दोघांच्या फोनमध्ये तेच अॅप ठेवण्यापेक्षा वेगवेगळी अॅप्स ठेवावीत, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात दिसते. शिवाय भागाचा एक कागदी नकाशा. त्याला चार्जिंग लागत नाही आणि दोन गावांमध्ये खरे अंतर किती, हे तो एका नजरेत सांगतो.

यंत्र कोणतेही असो, ते आधी पुण्या-नाशिकच्या रस्त्यावर आठवडाभर वापरून पाहावे. विमानातून दहा-बारा तासांनी उतरून, डाव्या हाताला स्टीअरिंग आणि उजवीकडून वाहतूक अशा स्थितीत मेनू शिकण्याची ती वेळ नसते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाट्यांवर मैल असतात, तर यंत्रातही मैल ठेवावेत. वेगमर्यादेची पाटी ५० दाखवते आणि यंत्र ८० म्हणते, हा घोळ चालत्या गाडीत नको. प्रत्येक मुक्कामाचा पत्ता हॉटेलच्या ईमेलमधून घेऊन, शक्यतो अक्षांश-रेखांशासह, घरीच जपून ठेवावा.

शेवटची सवय सर्वांत सोपी आणि फुकट आहे. पत्ता भरल्यावर ‘सुरू करा’ दाबण्यापूर्वी पडद्यावरचे एकूण अंतर आणि वेळ मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू जाईल असा. आइसलँडमधल्या त्या पर्यटकाने पन्नासऐवजी कित्येक शे किलोमीटर हा आकडा कुणाला वाचून दाखवला असता, तर तो संध्याकाळपर्यंत नव्हे, तासाभरात हॉटेलवर पोहोचला असता.